पाद, पॉड आणि पाय



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जयगडला जमतो त्या गुरुजींबद्दल आधी दोन शब्द बोलावेत, असा रिवाज आहे. तो मी एका प्रसंगाने पाळतो. सातवीत असताना गुरुजींनी वर्गात विचारलं, "माकूल म्हणजे काय रे?" आम्ही जेटीवर वाढलेली पोरं. मी उभा राहून म्हटलं, "मासा." टोपलीत माशांबरोबर येतं, बाजारात माशांच्या वाट्याशेजारी बसतं, मग दुसरं काय असणार? गुरुजींनी फळ्यावर एक शब्द लिहिला, 'शीर्षपाद', आणि वर्ग फुटला. का फुटला, ते मराठी माणसाला सांगायला नको. गुरुजींनी हसू ओसरू दिलं आणि म्हणाले, "हसलात, आता शब्द लक्षात राहील. संध्याकाळी घरी माकूल साफ करतील तेव्हा त्याचे पाय कुठून निघतात ते बघून या."

मी पाहिलं. डोक्यातूनच निघाले होते. तो शब्द मी कधी विसरलो नाही. आजचं व्याख्यान त्या शब्दाच्या शेपटाबद्दल आहे.

प्राणिशास्त्राचं इंग्रजी पुस्तक उघडलं की हे शेपूट पानोपानी भेटतं. आर्थ्रोपोडा, गॅस्ट्रोपोडा, सेफॅलोपोडा, डेकापोडा, कोपेपोडा. त्यांच्या मागोमाग ऑक्टोपस आणि प्लॅटिपस. ग्रीकमध्ये पायाला 'पूस' म्हणतात आणि 'पायाचा' म्हणायचं तर 'पोदोस'. पहिल्या रूपातून 'पस' आला, दुसऱ्यातून 'पॉड'. संस्कृतची विभक्ती ज्यांनी घोकली आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही प्रथमेत 'द्विपात्' होतं आणि पुढे गेलं की 'द्विपद्'. ऑक्टोपसचं ग्रीक अनेकवचन ऑक्टोपोडीस. इंग्रजांनी शेवटचा 'अस' पाहिला, शब्द लॅटिन समजला आणि अनेकवचन केलं 'ऑक्टोपाय'. व्याकरणाने ते चूक आहे. पण आपल्या कानाला ते किती बरोबर वाटतं बघा: ऑक्टो, पाय!

हा योगायोग विनोदापुरता. पण ग्रीक 'पॉड' आणि आपला 'पाद' यांचं नातं विनोदाचं नाही, रक्ताचं आहे. १७८६ साली कलकत्त्याच्या व्याख्यानात सर विल्यम जोन्स यांनी सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य अपघाताने येण्यासारखं नाही. या भाषा एका मुळातून निघाल्या असाव्यात. पुढच्या शतकात भाषाशास्त्रज्ञांनी ध्वनींचे नियम बसवले. संस्कृत पद्, ग्रीक पोद्, लॅटिन पेद्. इंग्रजीच्या कुळात 'प'चा 'फ' झाला, म्हणून पितृचा फादर आणि पादाचा फुट. फारसीत तोच पाय 'पा' म्हणून राहिला आणि पायजम्यातून आपल्याकडे परत आला. या शास्त्राची आपल्या मुलखात ओळख करून देणारे रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८३७ साली मालवणात जन्मले आणि रत्नागिरीत शिकले. १८७७ साली मुंबईत त्यांनी विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानं दिली, विषय होता संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषा. म्हणजे जयगडला उभं राहून शब्दाची कुळकथा सांगणं हे काही परक्या गावचं काम नव्हे.

आता गुरुजींच्या वर्गातल्या त्या हशाचाही हिशेब पुरा करून टाकू. पायाचा 'पाद' निघतो पद् धातूपासून. दुसरा, ज्याला पोरं हसली, तो निघतो पर्द् धातूपासून. त्यातला 'र' झिजला आणि दोन अनोळखी शब्द एकाच वेषात समोरासमोर आले. या दुसऱ्या शब्दाचे भाऊबंदही ग्रीकमध्ये आहेत, इंग्रजीतही आहेत, आणि इंग्रजीत त्याच्याही 'प'चा नियमाप्रमाणे 'फ' झालेला आहे. शास्त्राचा नियम सोवळंओवळं पाळत नाही.

पाद मराठीत आला तो झिजतच आला. मधला 'द' गळाला आणि पाय झाला. पण त्याचं दुसरं रूप आपण रोज बाजारात वापरतो आणि आपल्याला पत्ता नसतो. जनावराला पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. त्या पादाचा झाला पाव. पावशेर दूध म्हणजे शेराचा एक पाय. सपाद म्हणजे एक पाय जास्त, त्याचा सव्वा. पादोन म्हणजे एक पाय कमी, त्याचा पाऊण. आमच्या आजोबांच्या पिढीने पावकी आणि सवायकी घोकली ती या पायांचीच. बेकरीतला पाव मात्र पोर्तुगीजांचा, त्याचा या घराण्याशी संबंध नाही. श्लोकाच्या चौथ्या भागाला पाद म्हणतात, आणि पाणिनीच्या अष्टाध्यायीतल्या प्रत्येक अध्यायाचे चार पाद आहेत. कातळावर चार पायांचं जनावर उभं आहे, आणि त्याच्यावरून आपण दूधही मोजतो आणि व्याकरणही.

मग प्राणीच पायावरून मोजले तर नवल कसलं? ऋग्वेदात द्विपद आणि चतुष्पद ही जोडी येते. संस्कृत कवींनी भुंग्याला षट्पद म्हटलं. तिकडे ग्रीसमध्ये, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, ॲरिस्टॉटलने प्राण्यांवर ग्रंथ लिहिला तेव्हा त्यानेही चार पायांच्यांना 'तेत्रापोद' म्हटलं. आजच्या शास्त्रात चतुष्पादांना टेट्रापोडा म्हणतात आणि कीटकांना हेक्झापोडा. म्हणजे आपल्या कवीचा षट्पद आणि प्रयोगशाळेतला हेक्झापॉड एकच. आणखी एक उदाहरण तर आपल्या परसातलं आहे. पावसाळ्यात ओल्या मातीत सापडणारं देवगांडूळ हे गांडूळही नाही आणि सापही नाही. ते बेडकाच्या नात्यातलं उभयचर आहे, पाय नसलेलं. त्याच्या गणाचं जुनं नाव 'अपोडा'. नकार दाखवणारा ग्रीक 'अ' आणि संस्कृत 'अ' हेही सख्खेच. अपोडा म्हणजे अक्षरशः अपाद. भाषांतर करण्याची गरजच नाही, नुसता उच्चार बदलायचा.

चला, आता सुकती लागली आहे असं समजू आणि किल्ल्याखाली कातळावर उतरू. शास्त्रीखाडीच्या तोंडाशी पाणी मागे सरलं की पायांच्या नावांचं सगळं पुस्तक उघडं पडतं.

पहिली भेटेल गोगलगायीच्या जातीची, शंखात राहणारी मंडळी. फ्रान्सचे जॉर्ज कुव्हिए यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांना नाव दिलं गॅस्ट्रोपोडा, आपल्याकडे उदरपाद. पोटावर चालतात असं दिसतं म्हणून. पण तळाशी जो मांसल भाग सरकतो तो पोट नव्हे, तो खराच पाय आहे. पोट वर शंखात गुंडाळलेलं असतं. पाहणाऱ्याला जे दिसलं ते नावात राहिलं.

पुळणीत बोट घाला, तिसरी सापडेल. तिसऱ्या, कालवं, शिनाणे या दोन शिंपांत राहणाऱ्यांचं एक जुनं नाव पेलेसिपोडा. ग्रीक 'पेलेकुस' म्हणजे कुऱ्हाड, कारण त्यांचा पाय कुऱ्हाडीच्या पात्यासारखा चपटा. पेलेकुस आणि आपला परशु हे शब्द अभ्यासक एकमेकांच्या नात्यातले मानतात. मुळात एकाने दुसऱ्याकडून घेतला की दोघांनी तिसऱ्याकडून, यावर वाद आहे. पण पेलेसिपोडाचं मराठी करायचं तर सरळ 'परशुपाद' करता येतं. आणि ते कुठे? ज्या भूमीला आपण परशुरामाची भूमी म्हणतो, जिथे चिपळूणजवळच्या डोंगरावर त्याचं देऊळ आहे, त्या किनाऱ्यावर! परशुरामाने समुद्र मागे हटवला ही कथा आपण ऐकत आलो. इथे एवढीशी तिसरी आपला परशू वाळूत खुपसते, त्याचं टोक फुगवून पकड घेते आणि अंग आत ओढून घेते. चालण्यासाठी नाही, रुतण्यासाठी आहे तो पाय.

शिनाण्यांचं आणखी वेगळं. त्यांच्या पायातून चिवट धागे तयार होतात आणि त्या धाग्यांनी ते कातळाला बांधून घेतात. आणि कालवाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. मोठ्या कालवाला पाय नसतोच. पण पाण्यात तरंगणारं कालवाचं पिल्लू मोठं होत आलं की त्याला पाय फुटतो. तो टेकवत ते कातळ चाचपतं. जागा पटली की सिमेंटसारखा रस सोडून कायमचं चिकटतं. मग तो पाय विरून जातो. आयुष्यात एकदा, जागा निवडण्यापुरता, पाय. सुकतीला कालवं काढणाऱ्या बायकांच्या हाताला लागतो तो या निवडीचा शेवट.

माकूल आठवा. कुव्हिएनेच त्याच्या वर्गाला सेफॅलोपोडा म्हटलं. त्याच्या दूरच्या पूर्वजाला गोगलगायीसारखाच खाली एक पाय असावा. अंड्यातल्या गर्भाची वाढ पाहिली तर पायाच्या त्या भागातूनच आजचे हात तयार होताना दिसतात, आणि पाणी फवारून पळण्याची नळीही. म्हणजे गुरुजींचा 'डोक्याला पाय' हा नुसता दिसण्याचा प्रकार नव्हता, ती वंशाची गोष्ट होती. आपण ज्याला समुद्रफेस म्हणतो, पुळणीवर वाहून येणारं ते पांढरं हलकं कवच, ते या घराण्यातल्याच एकाच्या पाठीतलं हाड. ऑक्टोपसला हात आठ, माकुलाला आठ आणि वर दोन लांब, असे दहा. म्हणून माकुलाच्या गटाला एका शास्त्रज्ञाने डेकापोडा, दशपाद, असं नाव दिलं. अडचण अशी की ते नाव त्याआधीच, १८०२ साली, लात्रेय या फ्रेंच शास्त्रज्ञाने कोळंबी-खेकड्यांना देऊन टाकलं होतं. शेवटी माकुलाला 'दशपादसदृश' अशा अर्थाच्या नावावर भागवावं लागलं. प्लॅटिपसचंही असंच झालं. चपट्या पायाचा म्हणून १७९९ साली ते नाव ठेवलं, तर ते आधीच एका भुंगेऱ्याला दिलेलं निघालं. शास्त्रीय नाव बदलावं लागलं, लोकांच्या तोंडी मात्र प्लॅटिपसच राहिलं.

दशपादांचे पाय मोजायला प्रयोगशाळा नको, स्वयंपाकघर पुरे. चिंबोरीच्या दोन नांग्या आणि चालायचे आठ, झाले दहा. तिची मागची जोडी वल्ह्यासारखी चपटी असते, पोहायला. शेवंडीला मोठ्या नांग्या नसतात, तिचे दहाही सारखेच दिसतात. कोळंबीला दहा पाय चालायचे, आणि पोटाखाली पोहायचे आणखी दहा. त्यांची मोजणी नावात धरलेली नाही. आता जवळ्याकडे या. ज्या जवळ्याच्या चटणीवर आपण पावसाळा काढतो तो शास्त्राच्या हिशेबात दशपाद आहे. पण भिंग लावून मोजाल तर चालण्याच्या पायांच्या शेवटच्या दोन जोड्या त्याला नाहीतच. पाय सहा आणि नाव दशपाद.

मग नाव खोटं का? नाही. सहस्रबुद्ध्यांच्या घरी जाऊन कुणी बुद्धी मोजत नाही, दशपुत्र्यांच्या घरी मुलगे मोजत नाही. आडनाव घराणं सांगतं. दशपाद हेही घराण्याचं नाव आहे. जवळ्याचे पूर्वज दहा पायांचे होते, त्याने चार सोडून दिले. गोमीला शतपाद म्हणतात. तिच्या पायांच्या जोड्या नेहमी विषम असतात, पंधरा, एकवीस, तेवीस अशा, त्यामुळे बरोबर शंभर पाय गोमीला कधी असूच शकत नाहीत. सहस्रपादांचं नाव तर शतकानुशतकं अतिशयोक्तीच होतं. ऑस्ट्रेलियात जमिनीखाली सापडलेली तेराशेहून जास्त पायांची जात २०२१ साली जाहीर झाली तेव्हा ते पहिल्यांदा खरं ठरलं. शास्त्रीय नाव म्हणजे व्याख्या नव्हे. ज्याने ते ठेवलं त्याने त्या दिवशी काय पाहिलं, त्याची ती नोंद असते.

शब्द किनाऱ्यावरून किती लांब जातात, त्याचं एकच उदाहरण देतो. ऑक्टोपसला जुन्या ग्रीकांचा शब्द होता 'पोलीपूस', बहुपाद. नाकात वाढणाऱ्या मांसाची मुळं तशीच पसरलेली वाटली म्हणून ग्रीक वैद्यांनी त्यालाही तेच नाव दिलं. आज डॉक्टर सांगतात, "नाकात पॉलिप आहे." तो अडीच हजार वर्षांपूर्वीचा ऑक्टोपस आहे, एवढंच. प्रवाळाच्या इवल्या जिवालाही पॉलिपच म्हणतात.

इथवर आपण मौज केली. आता मुद्द्याचं बोलतो.

शास्त्राची मराठी घडवण्याचं काम या जिल्ह्याला नवीन नाही. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि भाषाशुद्धीची चळवळ त्यांनी इथूनच चालवली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालयाने परिभाषा कोश काढले, वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. त्या वाटेने आलेले संधिपाद, छद्मपाद, नलिकापाद हे शब्द आज आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात आहेत. या सगळ्यांनी मोठं काम केलं यात शंका नाही. तरी वर्गात काय घडतं? मूल 'संधिपाद' पाठ करतं, परीक्षेत लिहितं आणि विसरतं. मग कुणी म्हणतं, मराठी शब्द अवघड आहेत, आर्थ्रोपोडाच ठेवा. जणू आर्थ्रोपोडा सोपा आहे!

मी तुम्हाला अथेन्सच्या शाळेत नेतो. तिथल्या मुलाच्या बोलण्यात आजही पाय म्हणजे 'पोदी' आणि डोकं म्हणजे 'केफाली'. त्याला सेफॅलोपोडा हा शब्द ऐकताच कळतो, कारण तो त्याच्या घरातला आहे. लंडनच्या मुलाला तो पाठ करावा लागतो. मराठी मूल या दोघांच्या मधे उभं आहे. शीर्ष त्याला शिरा-डोक्यावरून ओळखता येईल, पाद पायावरून. दार अर्धं उघडं आहे. आपण शिक्षक ते पुढे ढकलत नाही. परिभाषा करणाऱ्यांनी ग्रीकचं संस्कृत केलं, आणि संस्कृतचं मराठी करणं वर्गावर सोडलं. वर्गाने ते परीक्षेवर सोडलं.

कोपेपोडा घ्या. समुद्रातले हे बारीक जीव, किती माशांचं अन्न. ग्रीक 'कोपे' म्हणजे वल्हं. मराठीत कुणी शब्द केला 'अरित्रपाद', कारण संस्कृतात वल्ह्याला अरित्र म्हणतात. शब्द अचूक आहे. पण जयगडहून तवसाळला जाणाऱ्या होडीत बसलेल्या मुलाने वल्हं पाहिलंय, अरित्र पाहिलेलं नाही. त्याला एकदा सांगा: वल्ह्यासारखे पाय. मग अरित्रपाद म्हणा, नाहीतर कोपेपॉड म्हणा, तो अडणार नाही. माझा आग्रह अमुकच शब्दाचा नाही. शब्दाच्या आत काय आहे ते मुलाला त्याच्या बोलीतून दाखवा, एवढाच आहे. आणि ते दाखवायला लागणारी बोली कुठल्या कोशात नाही, ती या सभागृहात बसली आहे. कोळंबी आणि करंदीतला फरक, चिंबोरीतला नर आणि मादी, कोणत्या सुकतीला कुठली कालवं भरलेली असतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुस्तकाने कधी विचारलं नाही. त्यांनीही पुस्तकाला विचारलं नाही. दोघांचं नुकसान झालं.

कालवाच्या पिल्लाचं मघाशी सांगितलं. आपल्या परिभाषेच्या शब्दांना पाय आहेत, चांगले आहेत. त्यांना अजून कातळ मिळालेला नाही.

म्हणून गुरुजींच्या नावाने एक छोटं काम सुचवतो. पैसे लागणार नाहीत. गावातल्या शाळेने एक तक्ता करावा. पहिल्या रकान्यात इथल्या माणसांच्या तोंडचं नाव: माकूल, तिसरी, शेवंड, जवळा, देवगांडूळ. दुसऱ्यात पुस्तकातलं 'पाद' असलेलं नाव. तिसऱ्यात ते नाव का पडलं, दोन ओळींत. चौथा रकाना मुलांनी स्वतः मोजलेल्या पायांचा. चौथा आणि दुसरा जिथे जुळणार नाहीत तिथे शिक्षकांनी घाबरू नये, खरा तास तिथेच सुरू होतो. आणि पहिला रकाना भरायला मुलांना घरी पाठवा, आजीकडे. रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे, सागरी जीवांचं संशोधन केंद्र आहे. तक्ता झाला की तिथल्या जाणकारांना दाखवून घ्या.

पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेला जे वक्ते येतील त्यांच्या मागे, या भिंतीवर, तो तक्ता लागलेला असावा एवढीच माझी इच्छा आहे. माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल तर उद्याच्या सुकतीला किल्ल्याखाली कालवं काढायला येणाऱ्या बायकांना विचारा. त्या दुरुस्त करून देतील.